मेंदूच्या पेशींची ऊर्जा टिकवणारे वनस्पती-अर्क : खरंच उपयोग होतो का?

ओंजळ

बाबा ७६ वर्षांचे आहेत. शब्दकोडं सोडवणं हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या वर्षभरात एक फरक जाणवतोय. पेनाचं टोक चौकोनावर टेकवून ते थांबतात, ओठ हलतात, आणि मग माझ्याकडे बघून म्हणतात, "शब्द जिभेवर येऊन बसलाय, खाली उतरत नाहीये." दोन मिनिटांनी उतरतोही. पण पूर्वी असं थांबणं नव्हतं.

महिन्यापूर्वी चुलतभावाने मोठ्या मायेने कॅप्सूलची एक बाटली आणून दिली. लेबलवर मेंदूचं चित्र आणि त्यात लखलखणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. खाली लिहिलंय, 'वाढत्या वयात मेंदूच्या पेशींची ऊर्जा राखते.' घटक : गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), ब्राह्मी, अश्वगंधा, हळदीचा अर्क, काळ्या मिरीचा अर्क. बाबा तीन आठवडे घेताहेत आणि त्यांना बरं वाटतंय म्हणतात.

तंतुकणिका शाळेत शिकले होते, त्यापलीकडे माझी मजल नाही. पेशींची ऊर्जा आणि विसरणं यांचा खरंच संबंध असतो का? आणि असे अर्क मेंदूपर्यंत पोचून काही करतात का? जाणकारांनी सांगावं. अनुभवही चालतील.

कवडसा

वाचतेय. सासूबाईंसाठी हाच प्रश्न मनात होता.

निळीशाई

ओंजळ, बाकीचं बोलूच, पण आधी एक सांगा. बाबांना दुसरी कुठली औषधं चालू आहेत? मी फार्मासिस्ट आहे. लेबलवरचे पाच घटक वाचून पहिल्यांदा हेच मनात आलं.

टिपकागद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, संबंध असतो.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण स्वस्थ बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली जवळपास २० टक्के एकटा मेंदू खातो. यातली बरीचशी चेतापेशींच्या आतबाहेर सोडियम-पोटॅशियमचा समतोल राखण्यात जाते. प्रत्येक संदेश गेला की तो समतोल ढळतो आणि पुन्हा बसवावा लागतो. त्यासाठी लागणारं एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तंतुकणिका बनवतात. आतल्या पडद्यावर प्रथिनांची एक साखळी असते. ती इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देते, त्या जोरावर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात आणि परत येताना ते एटीपी बनवणारं चाक फिरवतात. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा फारसं कोणाला पटलं नव्हतं. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

वयानुसार या साखळीतल्या काही कड्या ढिल्या पडतात, विशेषतः पहिली आणि चौथी. इलेक्ट्रॉन वाटेत गळतात आणि त्यातून ऑक्सिजनचे त्रासदायक रेणू तयार होतात. त्वचेची पेशी जुनी झाली की नवी येते. चेतापेशींचं तसं नाही, त्यातल्या बहुतेक आयुष्यभर त्याच राहतात. म्हणून खराब तंतुकणिका आतल्या आत मोडीत काढून नव्या घडवत राहणं, एवढाच मार्ग त्यांच्यापुढे असतो. म्हातारपणी हे मोडीत काढणंही मंदावतं.

तेव्हा लेबलवरचं चित्र खोटं नाही. मात्र चित्र खरं असणं वेगळं आणि कॅप्सूल उपयोगी असणं वेगळं. त्याबद्दल रात्री लिहितो.

अर्धविराम

अवांतर : तंतुकणिकांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि तो आपल्याला आईकडूनच मिळतो. ३७ जनुकं, बस्स. आई गेल्यावर हे वाचलं तेव्हा फार आधार वाटला होता. माझा प्रत्येक विचार तिने दिलेल्या विस्तवावर चाललाय.

कवडसा

अर्धविराम, डोळ्यांत पाणी आणलंत.

रानवाट

मी ६८ वर्षांचा. ब्राह्मीचा प्रमाणित अर्क आठ महिने घेतोय. मी पाठांतर करणारा माणूस आहे. मधे एक काळ असा होता की रोजच्या म्हणण्यातलं स्तोत्र मध्यावर अडकायचं. दहा-बारा आठवड्यांनी ते अडकणं कमी झालं. लगेच काही जाणवलं नव्हतं, आणि सुरुवातीला पोट बिघडायचं म्हणून जेवणानंतर घ्यायला लागलो.

इथे प्रयोगशाळेचे लोक येऊन 'पुरावा नाही' म्हणतील, म्हणून आधीच सांगतो. चरकसंहितेत मेध्य रसायनं, म्हणजे बुद्धी-स्मृतीसाठीची औषधं म्हणून मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी यांची नावं आलेली आहेत. इतक्या पिढ्यांचं निरीक्षण एका वाक्यात निकालात काढू नये, एवढीच विनंती.

मनस्विनी

रानवाट काका, तुमचा अनुभव मनापासून वाचला. तुम्ही दिलेल्या यादीतच एक महत्त्वाची गोष्ट आहे. तिथे मंडूकपर्णी आहे आणि तुम्ही घेताय ती ब्राह्मी. ब्राह्मी म्हणून ज्या वनस्पती ओळखल्या जातात त्या दोन आहेत. एक बाकोपा मोनिएरी, ओल्या जागी पसरणारी, जाडसर बारीक पानांची. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, गोल दातेरी पानांची. दोघींचं कूळ वेगळं आणि आतले घटकही वेगळे. पहिलीत बाकोसाइड, दुसरीत एशियाटिकोसाइड. शंखपुष्पीचा गोंधळ याहून मोठा. त्या नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. दरवर्षी मुलांपुढे दोन्ही 'ब्राह्मी' ठेवते आणि पानं चुरगळून वास घ्यायला सांगते. एकदा हातात घेतल्या की पुन्हा कोणी चुकत नाही. वाळवून भुकटी केली, अर्क काढला आणि कॅप्सूलमध्ये भरला की ओळखायला काही उरत नाही. म्हणून लेबलवर शास्त्रीय नाव, वनस्पतीचा कोणता भाग वापरला ते, आणि मुख्य घटकाचं टक्क्यांतलं प्रमाण हवंच.

रानवाट

मनस्विनीताई, आत्ता उठून बाटली पाहिली. बाकोपा लिहिलंय. म्हणजे चरकांचा दाखला मी चुकीच्या जागी दिला. धन्यवाद.

ओंजळ

@निळीशाई, बाबांना हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा त्रास आहे. त्यासाठी रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू आहे. शिवाय मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, दहा वर्षं तरी झाली असतील.

निळीशाई

ओंजळ, मग बाटली आजच बंद ठेवा, उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) लवकरात लवकर तपासून घ्या. बाटलीही सोबत न्या. फोटो नको, बाटलीच न्या. वॉरफरिन मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. हिरड्यांतून रक्त, अंगावर नवे निळे डाग, काळ्या रंगाची शौच, जोराची डोकेदुखी किंवा कुठे पडले असतील तर उद्याची वाट पाहू नका.

कारण सांगते. गिंको घेणाऱ्यांमध्ये रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे वॉरफरिनसोबत ते टाळायला सांगतात. हळदीच्या अर्कानेही वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो. आणि मिरीतलं पिपरिन त्यात उगाच घातलेलं नसतं. ते यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या विकरांना अडवतं, म्हणून हळदीतलं कर्क्युमिन रक्तात जास्त पोचतं. १९९८ च्या एका छोट्या मानवी प्रयोगात ही वाढ २० पट आढळली होती. जाहिरातीत हाच आकडा कौतुकाने सांगतात. पण ज्या दारातून कर्क्युमिन जास्त आत येतं, त्याच दारातून इतर औषधंही जास्त आत येऊ शकतात. शोषण वाढवलेल्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, अश्वगंधाचीही आहेत.

आणि मेटफॉर्मिन दहा वर्षं चालू असेल तर बी१२ तपासायला नक्की सांगा. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, आणि कमी झालं की विसरणं वाढू शकतं.

ओंजळ

बापरे. बाटली कपाटात वर ठेवली. फोन करते. धन्यवाद ताई, खूप खूप.

टिपकागद

निळीशाई यांनी सगळ्यात महत्त्वाचं सांगून टाकलंय. मी उरलेलं लिहितो, थोडं लांबेल.

मी काही वर्षं अशाच प्रयोगांत काम केलं आहे. साधारण असं चालतं. ताटलीत पेशी वाढवायच्या, अर्क घालायचा, एक दिवस थांबायचं आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं काहीतरी घालून त्यांना इजा करायची. टीएमआरएम नावाचा रंग निरोगी तंतुकणिकांत साठतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या लाल धाग्यांच्या जाळ्यासारख्या दिसतात. इजा झाली की जाळं तुटतं, धाग्यांचे ठिपके होतात, लाली विझत जाते. आणि अर्क घातलेल्या ताटलीत बरेचदा जाळं शाबूत राहतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं.

नंतर कळलं की त्या चित्रावर किती भार टाकता येतो. या कामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएच-एसवाय५वाय पेशी १९७० मध्ये कर्करोग झालेल्या चार वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिमज्जेतून घेतलेल्या वंशाच्या आहेत. त्या विभागत राहतात, म्हाताऱ्या होत नाहीत. ताटलीत साखर भरपूर असल्यामुळे त्या तंतुकणिकांवर फारशा विसंबूनही नसतात. म्हणून काळजी घेणारे लोक ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज घालतात, म्हणजे पेशींना तंतुकणिका वापरल्यावाचून गत्यंतर राहत नाही. कर्क्युमिन तर स्वतःच चमकतं, त्यामुळे चमक मोजणाऱ्या चाचण्या फसतात. काही वनस्पतिज रेणू पेशींच्या द्रवात आपोआप हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. मग आपण मोजतोय तो गुण अर्काचा की ताटलीतल्या गडबडीचा, हे सांगता येत नाही. आणि ताटलीत घालतो त्याच्या कितीतरी कमी मात्रा रक्तात पोचते, त्यानंतर रक्त आणि मेंदू यांमधला अडसर ओलांडायचा असतो.

हे वाईट संशोधन नव्हे. ती पहिली पायरी आहे. लेबल छापणारे पहिल्या पायरीचा फोटो घेऊन शेवटच्या पायरीचं वचन देतात, त्याचा मला राग आहे.

पाणंद

मग माणसांवर काय झालं? कोणीतरी सरळ सांगा.

मनस्विनी

गिंकोचं सांगते, कारण त्याची परीक्षा सगळ्यात कसून झाली आहे. ज्यात २४ टक्के फ्लॅव्होन ग्लायकोसाइड आणि ६ टक्के टर्पिन लॅक्टोन असतात तो प्रमाणित अर्क. वयस्क उंदरांत आणि पेशींत त्याने तंतुकणिकांचं काम सुधारल्याचे बरेच प्रयोग आहेत. मग अमेरिकेत ७५ आणि त्याहून जास्त वयाच्या ३०६९ जणांना घेऊन चाचणी झाली. काहींना १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. सुमारे सहा वर्षं. २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया होण्याच्या प्रमाणात गिंकोने घट झाली नाही. फ्रान्समध्ये ७० च्या पुढच्या २८५४ जणांवर पाच वर्षं, २०१२ मध्ये तोच निकाल.

ब्राह्मीच्या, म्हणजे बाकोपाच्या चाचण्या लहान आहेत. २००८ मध्ये ६५ वर्षांवरच्या ५४ जणांना १२ आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा थोड्या वेळाने शब्द आठवण्यात निष्क्रिय गोळीपेक्षा सुधारणा दिसली. पोट बिघडण्याची तक्रारही दिसली. रानवाट काकांचा अनुभव याच्याशी जुळतो. पण त्यात मोजली गेली ती स्मरणशक्ती, पेशींची ऊर्जा नाही. आणि १२ आठवड्यांवरून दहा वर्षांनंतरचं भाकीत करता येत नाही.

अर्धविराम

पण ७५ व्या वर्षी सुरू करून काय होणार? तंतुकणिका त्याआधी कितीतरी वर्षं झिजत असणार. गिंकोची परीक्षा उशिरा घेतली असं नाही का म्हणता येणार?

टिपकागद

म्हणता येईल, आणि ही शंका रास्त आहे. पण मग ते अजून सिद्ध करायचं राहिलेलं आहे, सिद्ध झालेलं नाही.

शिवाय 'तंतुकणिकांना मदत केली की मेंदू वाचेल' या आशेची परीक्षा अर्कांबाहेरही झाली आहे. लॅट्रेपिर्डिन नावाचं जुनं ॲलर्जीवरचं औषध तंतुकणिकांचं रक्षण करतं असं वाटत होतं. २००८ मध्ये अल्झायमरच्या १८३ रुग्णांवरचे निकाल फार चांगले आले. २०१० मध्ये मोठ्या चाचणीत निष्क्रिय गोळीहून काहीही फरक नाही. पार्किन्सनमध्ये को-एन्झाइम क्यू१० चं तेच. ते तर त्या साखळीतलाच एक दुवा. ६०० रुग्ण, भरपूर मात्रा, आणि उपयोग होत नाही असं दिसल्यावर चाचणी मध्येच थांबवावी लागली.

पाणंद

म्हणजे झाडपाल्यात काहीच नाही असा निष्कर्ष?

मनस्विनी

नाही, तसं मुळीच नाही. अल्झायमरमध्ये दिलं जाणारं गॅलँटामाइन मूळ स्नोड्रॉप वर्गातल्या फुलझाडांतून मिळालं आणि आज ते मान्यताप्राप्त औषध आहे. फक्त ते एकच रेणू, मोजलेल्या मात्रेत दिलं जातं, आणि ते ऊर्जेवर नाही, चेतापेशींमध्ये संदेश नेणाऱ्या ॲसिटिलकोलिनवर काम करतं.

आणि दुसरी बाजूही पाहा. रोटेनोन हा काही शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांतला रेणू. तो तंतुकणिकांच्या साखळीची पहिली कडीच बंद करतो. २००० मध्ये संशोधकांनी उंदरांना तो सतत देऊन पार्किन्सनसारखी लक्षणं निर्माण करून दाखवली. ग्वाडेलूप बेटावर पार्किन्सनसारखाच पण औषधांना दाद न देणारा आजार फार दिसत होता. १९९९ मध्ये त्याचा संबंध सीताफळाच्या कुळातल्या एका झाडाची फळं आणि पानांचा काढा भरपूर घेण्याशी असल्याचं मांडलं गेलं. त्यातलं ॲनोनासिनही तीच कडी अडवतं. वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठी जे रेणू बनवतात, त्यांतले कित्येक किड्यांच्या तंतुकणिकांवर नेम धरूनच घडलेले असतात. वर्गात हे सांगते तेव्हा मुलं एकदम गप्प होतात.

टिपकागद

आणि याच्यातच खरी गंमत दडलेली आहे. कित्येक 'रक्षक' रेणू थोड्या मात्रेत तंतुकणिकांना किंचित त्रास देतात, त्यामुळे पेशीची स्वतःची बचावयंत्रणा जागी होते आणि डागडुजी वाढते. रक्षण होतं ते पेशी स्वतः करते. तेव्हा मात्रा जास्त म्हणजे फायदा जास्त, हा हिशेब इथे उलटू शकतो.

व्यायामही असाच काम करतो. २००९ मध्ये तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला आणि निम्म्यांना सी आणि ई जीवनसत्त्वं मोठ्या मात्रेत दिली. ज्यांनी ती घेतली त्यांच्यात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. व्यायामाने उठणारी ठिणगीच विझवली गेली होती.

कवडसा

मग सासूबाईंना काय देऊ? त्या ७१ च्या आहेत. त्यांना काहीतरी हातात लागतं. 'चाला' म्हटलं की उपचार केला असं त्यांना वाटतच नाही.

निळीशाई

कवडसा, हे मी रोज अनुभवते. माणसं गोळी मागतात कारण गोळीत कोणीतरी आपली काळजी घेतंय असं वाटतं. मी सांगते की चालण्याचं मापसुद्धा औषधासारखं लिहून द्या. २०११ मध्ये १२० वयस्क लोकांवर वर्षभर प्रयोग झाला. आठवड्यात तीन दिवस, वाढवत वाढवत ४० मिनिटं जलद चालणं. चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस २ टक्के वाढला, नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला. सासूबाईंच्या नावाने कागदावर लिहा, दाराजवळ लावा आणि पहिला महिना तुम्ही सोबत जा. रक्तदाब, साखर आणि ऐकू येणं हेही तपासून घ्या. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सगळे 'विसरतो' म्हणतात.

रानवाट

ऐकू येण्याचा मुद्दा पटला. श्रवणयंत्र मी दोन वर्षं टाळत होतो. ब्राह्मी बंद करणार नाही, पण डॉक्टरांना ती घेतो हे आजवर सांगितलंच नव्हतं, ते पुढच्या भेटीत सांगेन. आणि खरं सांगायचं तर त्याच आठ महिन्यांत मी पहाटे फिरायलाही लागलो होतो. कशाने फरक पडला, मलाही ठामपणे सांगता यायचं नाही.

टिपकागद

काका, हे इतक्या मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आदर वाटला.

ओंजळ

चार दिवसांनी लिहितेय. आयएनआर ३.९ आला. बाबांसाठी तो २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, लेबल दोनदा वाचलं आणि आधी विचारलं की पाय सरकून पडणं वगैरे काही झालं का. झालं नव्हतं. कारण बाटलीच आहे असं त्यांनी ठामपणे म्हटलं नाही, मधे बाबांना ताप येऊन जेवणही कमी झालं होतं. पण कॅप्सूल बंद, वॉरफरिनची मात्रा त्यांनी बदलून दिली आणि आठवड्याने पुन्हा तपासणी. बी१२ आणि थायरॉइडचे रिपोर्ट यायचेत. स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी पुढच्या महिन्यात.

चुलतभावाला सांगताना जीव कासावीस झाला. त्याला फार वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, शनिवारी ये आणि बाबांना फिरायला घेऊन जा.

मनस्विनीताई, तुम्ही म्हणालात म्हणून लेबल भिंगाखाली धरून वाचलं. 'ब्राह्मी अर्क' एवढंच आहे. कुठली ब्राह्मी, पान की मूळ, किती टक्के, काही नाही. पाचही घटकांचं मिळून एकच वजन दिलंय. उत्पादकांना पत्र लिहून विचारलंय. उत्तर आलं की इथे टाकते.

निळीशाई

३.९ वेळेवर हाती लागला, फार बरं झालं. पुढचा आयएनआर आला की तोही कळवा. तोवर मला चैन पडणार नाही.

मनस्विनी

उत्पादकांचं उत्तर आलं तर बॅच क्रमांकासह टाका, आणि जड धातूंच्या तपासणीचा अहवालही मागा. शिसं आणि पारा आहेत की नाही हे चवीने किंवा रंगाने कळत नाही.

ओंजळ

मागते. आज बाबांनी कोडं पूर्ण केलं, एका जागी बराच वेळ अडकले होते. सात अक्षरी शब्द हवा होता. मी सुचवणार होते, तर हाताने थांबवलं.